ट्रॅकची गाडी करायची आहे, पण सुरुवात कुठून?

पत्र : मी मूळचा साताऱ्याचा, गेली सोळा वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आहे. वय ४२. २०११ साली मी १९९९ ची माझदा मियाटा घेतली, उघड्या टपाची, १.८ लिटरची, पाच गिअरची. लग्नाआधी आम्ही दोघं याच गाडीतून बिग सूरपर्यंत जायचो. मुलगी झाल्यापासून दोन सीटची गाडी गॅरेजमध्ये कव्हर घालून पडून आहे. गेल्या वर्षी एका मित्राच्या नादाने थंडरहिल या रेस ट्रॅकवर दोन ट्रॅक-डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस) केले आणि आता डोक्यात दुसरं काही शिरत नाही. गाडी पूर्णपणे ट्रॅकसाठी करायचा विचार आहे : आतलं सगळं काढून टाकायचं, रोल केज (आतला लोखंडी पाइपांचा पिंजरा) वेल्ड करून घ्यायचा, सस्पेन्शन बदलायचं. मित्र म्हणतो, आधी टर्बो लाव, १४० हॉर्सपॉवरमध्ये सरळ रस्त्यावर सगळे मागे टाकतात. माझ्याकडे आठ हजार डॉलर बाजूला ठेवलेले आहेत. बायको म्हणते, ‘तुझी गाडी आहे, कर काय करायचं ते.’ कुठून सुरुवात करू?

उत्तर :

प्रिय सातारकर,

केज घालू नका. या गाडीत तर नकोच, आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत घालायचा असेल तरी अजून वर्षभर नको. टर्बोची कल्पना मित्राला साभार परत करा.

तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टी आज केल्या आणि उद्या नकोशा झाल्या तर मूळ जागी बसवता येतात. सीट, गालिचे, स्प्रिंगा, सगळं काढून माळ्यावर ठेवता येतं. केजचं तसं नाही. त्यासाठी डॅशबोर्ड कापावा लागतो, पत्र्याला पाट्या वेल्ड होतात, आणि त्या दिवसापासून ती गाडी रस्त्याची राहत नाही. कायद्यापेक्षा डोक्याचा प्रश्न मोठा आहे. केजचे लोखंडी पाइप तुमच्या कपाळापासून वीतभर अंतरावरून जातात. ट्रॅकवर हेल्मेट असतं आणि पट्ट्यांनी तुम्ही सीटला बांधलेले असता, त्यामुळे तो पाइप जीव वाचवतो. तीच गाडी घेऊन बोडक्या डोक्याने दूध आणायला गेलात आणि सिग्नलला मागून कोणी ठोकलं, तर तोच पाइप कवटी फोडतो. त्यावर गुंडाळतात ते कडक फोमचं वेष्टण हेल्मेटसाठी बनवलेलं असतं, उघड्या डोक्यासाठी नाही.

म्हणजे केज आला की ट्रेलर आला. ट्रेलर ओढायला पिकअप आला. फ्रीमॉन्टमध्ये ट्रेलर लावणार कुठे? सोसायटीचं पत्र आठवड्यात येईल. गाडीची नोंदणी ‘नॉन-ऑपरेशन’मध्ये टाकली की स्मॉगची, म्हणजे धुराच्या तपासणीची, कटकट जाते हे खरं, पण मग ती घरासमोरच्या रस्त्यावरही उभी करता येत नाही. नुसता चांगला केज बसवायला माझ्या अंदाजाने चार ते सहा हजार डॉलर जातात. त्यात एखादा जुना ट्रेलर धरा. तुमचे आठ हजार पहिली लॅप मारायच्या आधीच संपले, आणि ब्रेक अजून कंपनीचेच आहेत.

ट्रॅकवर जुन्या मंडळींचा एक नियम आहे : जी गाडी भिंतीला ठोकून, मागे सोडून घरी जाणं परवडणार नाही, ती ट्रॅकवर न्यायची नाही. साधी वाहन विमा पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान सहसा भरून देत नाही. एकेका दिवसाचा वेगळा विमा मिळतो, पण पाच-सहा हजारांच्या गाडीसाठी तो कोणी काढत नाही. पैशाचा हिशेब तुम्हाला जमेल. बिग सूरचं काय? तुम्ही ती गाडी पंधराएक वर्षं विकली नाहीत, कव्हर घालून ठेवलीत. अशी गाडी वळणावर मागून सुटायला लागली की हात आखडतात. मी असे लोक पाहिलेत, लाडाची गाडी घेऊन येतात आणि दिवसभर आरशात बघत चालवतात. त्यांना मजाही येत नाही आणि शिकायलाही मिळत नाही.

तेव्हा माझा बेत असा. हे वर्ष हीच गाडी, पण न कापता, रस्त्यावर चालण्याजोगी ठेवून. सात-आठ ट्रॅक-डे करा. वर्षानंतरही वेड कायम असेल तर दुसऱ्याने बांधलेली तयार ट्रॅक मियाटा विकत घ्या, आणि या वर्षी घेतलेलं हेल्मेट, चाकं, पॅड सगळं तिकडे न्या. तिच्यावर येतोच पुढे.

आता गाडीकडे वळू. तुमच्या इंजिनाचा जन्म या गाडीसाठी झालेला नाही. ते मुळात माझदा ३२३ च्या घराण्यातलं, तिथे ते बॉनेटखाली आडवं बसायचं आणि पुढची चाकं फिरवायचं. मियाटात त्याला उभं करून मागच्या चाकांना जोडलं. आडवं असताना पाणी एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. उभं केल्यावर मागचं तोंड केबिनच्या भिंतीला टेकलं, म्हणून पाण्याची येण्याची आणि जाण्याची, दोन्ही वाटा पुढच्या बाजूला आणल्या. रस्त्यावर काही फरक पडत नाही. पण थंडरहिलच्या विलोजला जुलैत पारा चाळिशीला टेकलेला असताना वीस मिनिटं सहा-साडेसहा हजार आरपीएमवर पळवलं की पुढचे सिलिंडर थंड आणि मागचा, चौथा, तापलेला अशी गत होते. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) त्याच बाजूने जातं. यावर उपाय म्हणजे पाण्याची बाहेर पडायची वाट पुन्हा मागे नेणं. त्याचे तयार संच मिळतात, पण हात घालायची जागा इतकी अडचणीची आहे की सकाळी सुरू केलेलं काम रात्रीवर जातं.

ते लगेच करू नका. आधी खाली वाकून बघा, इंजिनाखालचं काळं प्लॅस्टिकचं ताट जागेवर आहे का. पंचवीस वर्षांच्या मियाटांत ते बहुधा नसतं. कुठल्यातरी ऑइल बदलणाऱ्याने ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून फेकलेलं असतं. उपयोग असा की त्याच्यावाचून पुढून येणारी हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून निसटते. मग रेडिएटरची वरची टाकी बघा. प्लॅस्टिक काळ्याचं तपकिरी झालं असेल तर ते कधीही तडकेल. नवा रेडिएटर, नवे होज, थर्मोस्टॅट, आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवणं, एवढ्याने निम्मं दुखणं जातं. बाकी निम्म्याचं पुढच्या वर्षीच्या गाडीत बघू.

डॅशबोर्डवरच्या काट्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. तापमानाचा काटा मध्यावर आला की तिथेच झोपतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ऑइल प्रेशरचा काटा तर निव्वळ शोभेचा आहे. १९९५ पासून माझदाने तिथे खरा सेन्सर काढून साधा स्विच बसवला. थोडं जरी प्रेशर असलं तरी काटा मध्यावर, म्हणजे ग्राहक घाबरून फोन करत नाही. दोन खरे गेज बसवा, पाण्याचं आणि ऑइलचं. ऑइल नेहमी वरच्या खुणेपर्यंत, आणि दर फेरीनंतर काडी बाहेर काढून बघायची.

ब्रेकबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे. माझा तिसरा ट्रॅक-डे. गाडी दुसरी होती, पण वजन तुमच्याइतकंच. पॅड निम्मे शिल्लक होते, ब्रेक ऑइल तीन वर्षांचं. सकाळच्या दोन फेऱ्या झकास गेल्या. दुपारच्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी पाय दाबला आणि पेडल तळाला गेलं. मऊ, दहीभातासारखं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा थोडा दाब आला, तोवर मी डांबर सोडून गवतात होतो. गाडी धुळीच्या ढगात थांबली आणि सगळ्यात आधी मला आठवलं ते हे की ब्रेक ऑइल बदलायला चाळीस डॉलरसुद्धा लागत नाहीत.

काय झालं ते आकड्यांत बघा. ड्रायव्हरसकट अकराशे किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणली की जी उष्णता तयार होते, तिने जवळजवळ अडीच लिटर थंड पाण्याला उकळी येईल. एका ब्रेकिंगमध्ये. लॅपला अशी चार-पाच आधणं, आणि लॅप दोन-सव्वादोन मिनिटांची. त्यातली बरीच उष्णता डिस्क हवेत टाकते, उरलेली पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ताजं डॉट-४ ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलची मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो आणि चाक फिरत राहतं.

तेव्हा पहिली खरेदी रेसिंगच्या ब्रेक ऑइलची, तीनशे अंशांवर टिकणाऱ्या. दुसरी, ट्रॅकसाठीच्या पॅडची. ते थंडीत किंचाळतात, चाकं काळी करतात, शेजारी खिडकीतून बघतात. म्हणून आदल्या रात्री घालायचे आणि परतल्यावर काढायचे, मियाटात चारही बाजूंना मिळून तासाभराचं काम आहे. डिस्क मोठ्या करायच्या फंदात पडू नका. एवढ्या हलक्या गाडीला कंपनीच्या डिस्क पुरतात. १९९४ नंतरच्या बऱ्याच साध्या मियाटांना हेच पॅड बसतात, म्हणजे पुढच्या गाडीलाही चालतील. होज नवे घाला. झालं.

पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवून बघा. खडखड वाटली तर हब (चाक ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा भाग) बदला. चिकट टायरांवर या गाडीचे पुढचे हब लवकर खराब होतात, आणि हब गेला तर चाक आपल्या वाटेने निघतं.

आता जीव वाचवायचं सामान. केज नको म्हटलं, पण रोल बार, म्हणजे सीटमागची एकच लोखंडी कमान, हवाच. उघड्या टपाच्या गाड्यांना तुमच्या थंडरहिललाही बहुतेक आयोजक त्याच्यावाचून सोडत नाहीत. गेल्या वर्षी कसं सोडलं हे मला कळलेलं नाही, बहुधा हार्डटॉप (वरून बसवायचं कडक छत) लावला असेल. खरं तर हार्डटॉपला उलटलेली गाडी पेलत नाही. चांगला रोल बार बोल्टने बसतो, सीटांच्या मागे उभा राहतो, आणि टप त्याच्यावरून उघडझाप होतो. रस्त्यावर चालतो, फक्त डोकं मागे बारला टेकणार नाही एवढी सीट पुढे असली पाहिजे.

तो पुरेसा उंच आहे की नाही हे झाडूच्या दांड्याने ठरतं. हेल्मेट घालून, पट्टा लावून बसा. कोणीतरी झाडूचा दांडा रोल बारच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत आडवा धरायचा. हेल्मेट दांड्याच्या खाली राहिलं, तेही दोन बोटं मोकळी ठेवून, तर पास. तुम्ही उंची लिहिलेली नाही. पावणेसहा फुटांच्या वर असाल तर गंमत आहे. मियाटावाले यावर उपाय म्हणून सीटचं कव्हर उचकटून आतला फोम भाकरीच्या चाकूने कापतात. विनोद नाही, दीड-दोन इंच सहज मिळतात, आणि फुकट. कापलेला तुकडा जपून ठेवा, सीट परत पूर्वीसारखी करता येते.

पट्ट्यांचा मोह टाळा. सहा पट्ट्यांचा हार्नेस बघायला रुबाबदार दिसतो, पण तो एकटा कधीच येत नाही. त्याला रेसिंग सीट लागते, खांद्यांचे पट्टे अडकवायला रोल बारची आडवी नळी लागते, आणि मान धरून ठेवणारं ‘हॅन्स’ लागतं. साधा तीन टेकूंचा पट्टा धडकेत छातीला थोडं पुढे जाऊ देतो. हार्नेसमध्ये छाती जागेवर बांधलेली असते आणि हेल्मेटचं वजन घेऊन डोकं तेवढं पुढे झेपावतं. मग कवटीचा तळ तुटतो. २००१ च्या डेटोना ५०० शर्यतीत डेल अर्नहार्ट हा रेसर गेला तो असाच, आणि त्याच वर्षी नॅस्कार या अमेरिकन शर्यत-संघटनेने मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून आलं. मला यातलं आवडतं ते वेगळंच. हॅन्स बनवणारे रॉबर्ट हबर्ड हे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, आणि त्यांचा मेहुणा जिम डाउनिंग रेसर होता, तोही माझदाचा. १९८१ मध्ये त्यांच्या ओळखीतला एक ड्रायव्हर मिड-ओहायोच्या ट्रॅकवर अपघातात गेला आणि मेहुण्याच्या काळजीतून हे काम सुरू झालं. पुढची वीस वर्षं बहुतेकांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

म्हणून यंदा सगळं संपूर्ण रस्त्याच्या बाजूचं ठेवा : कंपनीचा पट्टा, कंपनीची एअरबॅग, रोल बार, हेल्मेट. पुढच्या गाडीत सगळं संपूर्ण ट्रॅकच्या बाजूचं. अर्धं इकडचं आणि अर्धं तिकडचं केलेल्या गाड्यांची मला भीती वाटते. रोल बारशिवाय हार्नेस लावलेली गाडी उलटली, तर माणूस खाली वाकूही शकत नाही, ताठ बसलेला राहतो. हेल्मेट ‘स्नेल’ या तपासणी संस्थेच्या ‘एसए’ प्रतीचं घ्या, २०२० किंवा त्यानंतरचं. मोटरसायकलचं ‘एम’ चालत नाही, ते आगीच्या चाचणीतून गेलेलं नसतं. वापरलेलं हेल्मेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

वजन काढायचं म्हणता. सुटं चाक, जॅक, गालिचे, ट्रंकमधलं सामान दर ट्रॅक-डेला काढा, संध्याकाळी परत घाला. टप आणि एसी काढून प्रत्येकी वीसेक किलो वाचतील, एवढं माझ्या पोटातून निघायला हवं आणि त्याला पानाही लागत नाही. एसीचा गॅस हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे, तो काढून घ्यायला परवानाधारक माणूस लागतो. आणि हीटर तर अजिबात काढू नका. डिसेंबरात पाऊस आला की काच आतून धुक्याने भरते आणि तुम्ही एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने फडका, असे पाचव्या वळणाच्या टेकडीवर चढत असता. त्या टेकडीच्या पलीकडचं तसंही दिसत नाही.

टायर : यंदा साधे चांगले उन्हाळी टायर, जे सुटायच्या आधी ओरडतात. ते ओरडणं ऐकायला शिका. चिकट, २०० ट्रेडवेअरचे (पकड जास्त, झीजही जास्त) टायर सहाव्या-सातव्या दिवसानंतर. अलाइनमेंटला मात्र लगेच शंभर-दोनशे डॉलर घाला. पुढे जेवढा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) मिळेल तेवढा मागा, तुमच्या गाडीत बोल्ट फिरवूनच होतं, नवा भाग लागत नाही. पंचवीस वर्षांचे शॉक आणि रबरी बुश गेलेले असणार, ते चांगल्या दर्जाचे नवे बसवा. स्प्रिंगा इतक्या कडक करू नका की घरी परतताना आय-८८० च्या सांध्यांवर दात वाजतील.

टर्बोचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. ताकद वाढली की सरळ रस्त्याच्या शेवटी वेग जास्त, म्हणजे आधणं मोठी. उष्णता जास्त, तीही त्या चौथ्या सिलिंडरवर. क्लच, गिअरबॉक्स, सगळ्यांवर ताण. शिवाय कॅलिफोर्नियात हवा-मंडळाच्या मंजुरीचा क्रमांक नसलेला टर्बो संच लावला तर दोन वर्षांतून एकदा स्मॉग तपासणीला गाडी नापास. आधी कळस मग पाया, त्यातला हा प्रकार. तुमचा मित्र आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतींत वाढलेला दिसतो; तिथे खरंच हॉर्सपॉवरला मोल आहे, कारण धावपट्टीला वळण नाही. थंडरहिलच्या पूर्वेकडच्या ट्रॅकवर तीन मैलांत पंधरा वळणं आहेत. सरळ रस्त्यावर लोक पुढे गेले तर हात बाहेर काढून जाऊ द्या, आणि मग वळणात बघा ते कुठे ब्रेक मारतात. लगुना सेका या दुसऱ्या ट्रॅकला जायचं मनात असेल तर आणखी एक : तिथे बऱ्याच दिवशी आवाजाची मर्यादा ९० डेसिबलच्या आसपास असते आणि ओलांडली की काळा झेंडा दाखवून बाहेर काढतात. मोठ्याने गुरगुरणारा सायलेन्सर लावून आलेले कित्येक जण दहा मिनिटांत पार्किंगमध्ये सँडविच खाताना दिसतात.

माझदाचे इंजिनिअर या गाडीबद्दल बोलताना जपानी घोडेस्वारीतला एक शब्दप्रयोग वापरायचे, ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एक. आपल्याकडे त्याला मांड म्हणतात. मांड पक्की नसताना जास्त उधळा घोडा घेऊन काय करायचं? तुमचे झालेत दोन दिवस. प्रशिक्षकाला शेजारी बसवून चालवा, आणि अधूनमधून पार्किंग लॉटमध्ये शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसला जा. तिथे गाडी फिरली तर फक्त शंकू मरतो.

आता ती पुढच्या वर्षीची गाडी. अमेरिकेत ‘स्पेक मियाटा’ नावाचा रेसिंगचा वर्ग आहे. २००५ पर्यंतच्या मियाटा, इंजिन जवळपास कंपनीचं, सस्पेन्शन सगळ्यांना एकच ठरवून दिलेलं, केज सक्तीचा. अशा गाड्या दर हंगामाच्या शेवटी विकायला निघतात, कारण कोणाला मूल होतं, कोणाची बदली होते, कोणी पोर्शवर जातो. बांधायला घातलेल्या पैशाच्या निम्मेही परत मिळत नाहीत, आणि हे नुकसान विकणाऱ्याचं असतं. तुम्ही स्वतःची बांधली तर तुमचं. केज कोणी वेल्ड केलाय, सांधे पाइपच्या पूर्ण घेराला आहेत का, आणि नियमपुस्तकाप्रमाणे आहे का, हे त्या वर्गात रेस करणाऱ्याला सोबत नेऊन तपासा. गाडी ठेवायला थंडरहिलजवळ भाड्याने जागा मिळते का तेही चौकशी करून ठेवा; काही जण तसं करतात आणि ट्रेलरच्या भानगडीतून सुटतात.

तुमच्या आठ हजारांपैकी यंदा ब्रेक, पाणी, रोल बार, हेल्मेट, शॉक आणि अलाइनमेंट मिळून तीन-साडेतीन हजार लागावेत. दर ट्रॅक-डेला फी, पेट्रोल, टायरची झीज धरून पाचशे काढून ठेवा, म्हणजे गाडीत घातलेले पैसे गाडी चालवायलाच उरत नाहीत असं होणार नाही.

राहता राहिल्या वहिनी. त्या ‘तुझी गाडी’ म्हणाल्या. तुमच्या पत्रात गाडी घेतली ‘मी’ आणि बिग सूरला जायचो ‘आम्ही’. त्यांना ट्रॅकचा राग आहे असं मला वाटत नाही; कापण्याबद्दल त्यांना विचारलंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. विचारा. आणि गाडी तशीच राहणार आहे, टपासकट, हे सांगायची वेळ आली की जरा सावकाश सांगा.

हे सगळं करायच्या आधी एक तपासणी आहे, ती निकाली निघेपर्यंत एक डॉलरही खर्च करू नका. १९९९-२००० च्या काही इंजिनांत क्रँकला (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला) मागे-पुढे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजतं. ते गेलं असेल तर इंजिनच बदलावं लागतं आणि मग वरचा सगळा हिशेब नव्याने. तपासायला पाच मिनिटं लागतात. कव्हर काढा, बॉनेट उघडा, इंजिन बंदच ठेवा. एकाने आत बसून क्लच दाबायचा आणि सोडायचा, आठ-दहा वेळा. दुसऱ्याने पुढून टॉर्च मारून क्रँकच्या पुलीकडे बघायचं. डोळ्याला दिसेल इतकी ती पुढे-मागे सरकली तर वाईट बातमी. हलली नाही तर कामाला लागा. एकट्याने ही तपासणी होत नाही. शनिवारी सकाळी मुलगी कार्टून बघत असेल तेव्हा वहिनींना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा.